मयूरा आणि पिवळी पानं

मयूराला राग आला की ती बोलायची नाही, भांडी घासायची. त्या मार्चमध्ये कॅनबेरातल्या तिच्या घरात सगळी भांडी लखलखत होती.

कारण मागच्या अंगणातलं एक रोप. गांजाचं. इथल्या कायद्याने माणशी दोन रोपं लावता येतात. मयूराने एकच लावलं होतं, नवऱ्यासाठी. यतिनला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. दुपार झाली की त्याचे पाय लाकडासारखे आखडायचे. गेल्या वर्षीच्या रोपाचं तेल घेतलं की सैल पडायचे, निदान तो तसं म्हणायचा. डॉक्टरांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. ते तेल संपत आलं होतं. हे रोप गेलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही नाही.

आणि ऐन कळ्या धरायच्या वेळी रोप चाललं होतं.

आधी खालची पानं पिवळी पडली. मयूरा हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते. पिवळेपणा खालून सुरू झालाय म्हणजे नायट्रोजन कमी, असं तिने ठरवलं आणि पाण्यात विरघळवलेलं निळं खत घातलं. पिवळेपणा वर चढला. तिने आणखी घातलं. मग पानांची टोकं करपली, कुणी उदबत्तीने डागावीत तशी. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नका, असं वर्गात ओरडून सांगणारी बाई घरी डोळे मिटून खत ओतत होती. तिला स्वतःचा राग आला. मग खत विकणाऱ्या नर्सरीवाल्याचा. मग ‘नो वरीज, पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या यतिनचा.

शनिवारी दुपारी तिने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. कुंडी उचलून पाहिली. उचलेना. तिने तर दोन दिवस पाणी घातलं नव्हतं. मातीत बोट खुपसलं. आत चिखल. वास आंबूस. पानं तहानेने मलूल झाली नव्हती, पाणी पिऊन पिऊन जडावली होती. मुळंच गुदमरली तर खत वर चढणार कसं? मातीवर साईसारखा पांढरट थर होता.

ती उठली आणि सरळ सासूच्या खोलीत गेली.

लताबाई डिसेंबरपासून पुण्याहून येऊन राहिल्या होत्या. आल्या दिवशी रोप पाहून त्यांनी नाक मुरडलं होतं. नंतर काही बोलल्या नाहीत. त्या रोपाच्या वाटेला जात नाहीत, असा मयूराने त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावला होता.

आता मयूराने विचारल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. शंकराला वाहतात ते झाड. पोराच्या दुखण्यासाठी लावलेलं. त्याला कोरडं कसं ठेवायचं? रोज आंघोळीनंतर तांब्याभर पाणी, सोमवारी दूध, आणि परवा महाशिवरात्रीला पंचामृत.

"पंचामृत," मयूरा म्हणाली. "कुंडीत."

"पिंडीवर घालतात तसंच. मनापासून घातलं."

"आई, ते कुजलंय. तुम्ही मारताय त्याला, आणि वर हात जोडताय."

लताबाईंचा चेहरा ताठ झाला. "आणि तू ते निळं पाणी ओततेस ते? तुझं ते शास्त्र आणि माझा तो अडाणीपणा?"

तेवढ्यात यतिनने हाक मारली. पाय आखडले होते. दोघी धावल्या. मयूराने डावा पाय धरला, लताबाईंनी उजवा. दोघी एकमेकींकडे न बघता चोळत राहिल्या.

"मला खिडकीतून सगळं दिसतं," यतिन छताकडे बघत म्हणाला. "सकाळी आई ओतते, संध्याकाळी तू."

"मग बोलला का नाहीस?"

"दोघींना तेवढंच तर करता येत होतं."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं मयूराला वाटलं. तिने पोटरी जरा जास्तच जोरात दाबली. तो कळवळला.

पाय सैल पडल्यावर दोघी अंगणात गेल्या. मयूराने रोप कुंडीतून उपसलं. अर्धी मुळं काळी, बोट लावताच सुटणारी. ती कापून तिने बाकीची कोरड्या, भुसभुशीत मातीत बसवली. लताबाईंनी न सांगता खोड धरून ठेवलं होतं. रोप जगेल की नाही, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"मग आता पाणी कधी?" त्यांनी विचारलं.

"मी सांगेन तेव्हा. तोवर थेंबही नाही."

"आणि तुझं खत?"

मयूराने हातमोजे काढले. करपलेलं एक पान खुडून टाकलं.

"तेही नाही," ती म्हणाली. राग अजून होताच.