लाल आसवं

खंडोबावरची माझी श्रद्धा एकदाच डळमळली, ती खोकल्यापायी. आमच्या ताडकळस भागात किशनराव नावाचे मोठे बागायतदार होते. खतासाठी माझी मेंढरं त्यांच्या रानात बसायची. चाळीसेक वर्षांमागे त्यांना आणि मला एकाच साली क्षय झाला. खोकला अगदी सारखा, औषध मात्र वेगळं. मालकांनी नांदेडच्या खासगी डॉक्टरकडून लाल गोळ्या आणल्या. त्या गोळ्यांनी माणूस लवकर बरा होतो म्हणे. मला परभणीच्या सरकारी दवाखान्यात सुई होती, तीही कितीदा संपलेली असायची. एसटीचे धक्के खात जायचं, बाकावर बसायचं आणि ‘सोमवारी या’ ऐकून परत फिरायचं. मी देवाला विचारलं, दोघांच्या छातीत दुखणं एकच, मग औषध दोन जातींचं का? पूर्वी भजनात माझा आवाज वेशीपर्यंत जायचा, आता पहिल्याच ओळीला दम तुटत होता.

एका सकाळी मालकीणबाई पदराखाली डबा घेऊन रानात आल्या. पहिल्याच गोळीनंतर मालकांची लघवी लालभडक झाली होती आणि ते भीतीने अंथरुणाला खिळले होते. भावकीतल्या कुणीतरी करणी केली, डबा विहिरीत टाका, असं भगताने सांगितलेलं. एवढं महागाचं औषध पाण्यात टाकायला बाईंचा हात धजेना.

“तुमालाबी त्योच खोकला हाय,” त्या म्हणाल्या. “घ्या. पन लाल होतंय, आधीच सांगते.”

परभणीच्या डॉक्टरांना डबा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट पाहिला. हे आमच्याकडे येत नाही म्हणाले, आणि कसं घ्यायचं ते समजावलं. लघवीला रंग येणारच, पण मधेच सोडू नका, अशी ताकीद दिली. मी कपाळाला भंडारा लावून सुरुवात केली. हळूहळू खोकला उतरू लागला.

चंपाषष्ठीच्या सांजेला कितीतरी दिवसांनी देवळात गायला बसलो. आवाज लागला आणि मला रडूच कोसळलं. पांढऱ्या उपरण्याने डोळे पुसले, तर त्यावर केशरी डाग. डॉक्टरांनी आसवांचं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे माझ्याही अंगावर काटा आला. समोरच्या म्हातारीने डाग पाहून माझ्या पायावर डोकं ठेवलं, मग रांगच लागली. बायकोसुद्धा पाया पडली. एरवी तिच्याकडे पाणीसुद्धा दोनदा मागावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी खुद्द मालक नारळ घेऊन माझ्या पालावर आले, मागे मालकीणबाई. मालकांचे गाल बसलेले, दोन पावलांत धाप लागत होती.

“माजं लाल झालं त्ये करनीनं,” ते म्हणाले, “तुमचं झालं त्ये देवाच्या कृपेनं. माज्यावरची उतरवा.” आणि वाकले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन्ही लाल एकच होते. बोललो तर डबा जाणार, डब्याबरोबर माझा गळाही. गप्प बसलो तर हा माणूस भीतीनेच मरणार. मी डोळे मिटले आणि मल्हारीवर सोडलं.

“मालक, त्यो रंग गोळीचा हाय. तुमच्याच गोळ्या हायत. बाईंनी दिल्या.”

मालक वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, “म्हंजे मी माज्याच गोळीच्या पाया पडायलोय?”

ते खोकला येईपर्यंत हसले, आणि मग खाली बसेपर्यंत खोकले. निकाल बाईंनी दिला. एकट्याने घेतली तर हे पुन्हा भितील, तेव्हा दोघांनी मिळून घ्यायची. नांदेडहून दोघांचं औषध शेवटपर्यंत येत राहिलं. रोज सकाळी मालक बाभळीआडून विचारायचे, “कसं हाय?” मी माझ्या बाभळीआडून सांगायचो, “लालच हाय, मालक.” मग त्यांना धीर यायचा.

दोघंही बरे झालो. गावाला मी खरं काय ते सांगितलं, पण म्हाताऱ्या ऐकेनात. गोळीत रंग कुणी घातला, असं त्या मलाच विचारतात.

दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसणारे कितीजण पुढे दिसलेच नाहीत. त्यांच्या गावातला मालक लाल रंगाला भ्याला नव्हता, एवढाच काय तो फरक. हे देवाला कसं चाललं, ते मला अजून उमगलेलं नाही. पण छातीतला हा श्वास माझ्या कमाईचा नाही, हे पुरतं कळलं आहे. म्हणून गायला बसताना पहिली मूठ भंडारा बाकावरच्या त्या माणसांसाठी उधळतो, आणि देवाने दिलेला आवाज देवाच्याच हवाली करतो.