चुना की रोग

भाव करण्यात मी कोणाला हार जात नाही. बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर फळांची खोकी उतरवत वाढलो. समोरचा नाही म्हणाला की खरं बोलणं तिथून सुरू होतं, हे तेव्हाच शिकलो. त्याच जोरावर नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे जमीन घेतली, तुती लावली, रेशमाच्या अळ्यांसाठी शेड उभं केलं. डोकं लवकर तापतं, हे बायको सांगते आणि ते खरं आहे. पण मागच्या बॅचचा राग कोणावर काढायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

अळ्यांनी शेवटची कात टाकली होती. आठवडाभर पाला खाऊन त्या कोष विणायला लागल्या असत्या. नेमाप्रमाणे काही अळ्या डबीत घालून अमरावतीला रेशीम कार्यालयात तपासणीला नेल्या. तिथे अळी वाटून तिचा थेंब काचेवर घेतात आणि पेब्रिन रोगाचे बीजाणू दिसतात का, ते सूक्ष्मदर्शकातून बघतात. पेब्रिन निघालं की सगळी बॅच खड्ड्यात. पलीकडच्या शेडांनाही तो लागतो, म्हणून कोणी दया करत नाही.

या वेळी तिथे नवी सोय होती. सूक्ष्मदर्शक जुना, फोटो धुरकट यायचा. अकोल्याच्या एका कॉलेजातल्या मुलीनं बीजाणूंचे ढीगभर फोटो दाखवून संगणकाला शिकवलं होतं. धुरकट फोटो टाकला की तो स्वच्छ करून द्यायचा. तिथल्या साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे धुकं आणि त्यात चमकते ठिपके. उजवीकडे तेच ठिपके लंबगोल, काठ कोरून काढल्यासारखे.

"पेब्रिन हाये," साहेब म्हणाले. "बॅच नष्ट करा लागते."

"डाव्या फोटोत तर काहीच दिसून नाही राहिलं, साहेब."

"म्हनून तर हे आनलं ना भाऊ."

थेंब पुन्हा बघा म्हटलं, तर तो वाळून गेला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. अळ्या कात टाकायला बसल्या की बिछाना कोरडा राहावा म्हणून आम्ही त्यांच्यावर चुना भुरभुरतो. हवा दमट होती, चुना भरपूर पडला होता, आणि अळ्या तशाच डबीत घातल्या होत्या.

"साहेब, हा चुना हाये. अळीच्या आंगावरचा."

साहेबांनी अकोल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मुलीनं सगळं ऐकून घेतलं.

"असू शकते, काका," ती म्हणाली. "आमी त्याले धुतलेल्या अळ्यांचेच फोटो दाखवले. चुना त्यानं कधी पाह्यलाच नाही. जिथं नीट दिसत नाही तिथं तो ओळखीचं काहीतरी भरते. चमकनारं म्हटलं की त्याले बीजाणूच माहीत."

"म्हंजे चुनाच हाये."

"तसंही नाही म्हनता येत. खरा बीजाणूही असाच दिसते."

दुसऱ्या दिवशी धुतलेल्या अळ्या नेल्या. त्यांच्यात काही निघालं नाही. मला वाटलं, सुटलो. साहेबांनी मान हलवली.

"या अळ्यांत नाही म्हंजे शेडात नाही, असं नसते. एकदा दिसलं ते दिसलं."

मी अर्ध्यावर आलो. अर्ध्या रॅकवरच्या अळ्या पुरतो, अर्ध्या ठेवू द्या. आयुष्यभर माझं काम याच वाटेनं झालं आहे. साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "भाऊ, रोग काही व्यापारी नाही."

घरी आलो तर पलीकडच्या शेडचा मालक बांधावर उभा होता. त्याच्याही अळ्या माझ्याच लॉटच्या अंड्यांतून निघालेल्या.

"दादा, तुमच्या इकडचं वारं माह्या शेडात येते," तो म्हणाला. "कावून थांबून राह्यले?"

मी त्याला नाही नाही ते बोललो. मला भांडायला समोर माणूस लागतो; तो खाली मान घालून उभा राहिला आणि माझ्याजवळचे शब्द संपले.

"साऱ्या जगाचा भाव पाडता," बायको म्हणाली, "आता?" मग तिनंच फावडं उचललं.

खड्ड्यापर्यंत ट्रे नेताना अळ्या खातच होत्या. वरून ब्लीचिंग पावडर टाकली तेव्हा काही पानाच्या काठावरच होत्या, डोकं खालीवर करत. बायको तोंड फिरवून उभी राहिली. मी माती ओढली.

पलीकडच्याच्या बॅचला काही झालं नाही. त्याचे कोष पांढरे, भरीव आले. त्यावरूनही काही सिद्ध होत नाही, असं साहेब म्हणाले. त्याला माझ्याकडून रोग लागला नाही, कारण मी वेळेवर पुरलं, असंही असू शकतं म्हणे.

पुढे अकोल्याहून त्या मुलीचा फोन आला. पुढच्या बॅचला चुना टाकलेल्या अळ्यांचे फोटो काढू द्याल का, म्हणजे संगणकाला चुना ओळखता येईल, पुन्हा कोणाचं असं होणार नाही. मी एकच विचारलं.

"पोरी, माह्या शेडात रोग होता का नव्हता?"

"नाही सांगता येनार, काका. आता तर कोनालेच नाही."

एरवी मी फोन आपटला असता. पण तिनं थाप मारली नव्हती. "ये," म्हटलं, "काढ फोटो." बदल्यात काय मागावं, ते मला सुचलं नाही.