डोंगलला हळदकुंकू

आमच्या मरोळच्या प्रेसमधली रद्दी दर महिन्याला भंगारवाला नेतो, पण किस्से कुणी नेत नाही. ते साचतच जातात! त्यातले निम्मे तर एकट्या डोंगलचे.

डोंगल म्हणजे अंगठ्याएवढी चावी. ती कॉम्प्युटरला लावली तरच आमचं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर चालायचं. वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल, पुस्तकं सगळी त्याच्याच फाइलींत, आणि त्या दुसरीकडे कुठे उघडायच्या नाहीत. त्यातच माझी सहकारी सुनीता कांबळे हिच्या वडिलांचं आत्मचरित्र. छापलेली शेवटची प्रत कुणीतरी वाचायला नेली, ती नेलीच. आता बाबांची नजर गेली होती आणि त्यांना ते एकदा ऐकायचं होतं. "प्रिंट काढते, काढते" म्हणत सुनीताचं राहून जात होतं.

*

एकदा आमचे मालक सावंतशेठ गणपतीला कणकवलीला गेले. इकडे चावी गायब! मी घाबरत फोन लावला. पलीकडे आरती जोरात.

"शेठ, डोंगल हरवली!"

"घाबरू नको रे. माझ्या खिशात आसा. एकदम सेफ!"

पाच दिवस आम्ही कॅरम खेळलो.

*

दसऱ्याला शेठनी मशीनबरोबर डोंगललाही हळदकुंकू वाहिलं. वरवर नाही, थेट आत पिनेपर्यंत! दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर तिला ओळखच देईना. सुनीता जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास घासत बसली. चालू झाली एकदाची. शेठनी हात जोडले. "बघ, पूजेचो गुण!"

*

मुलुंडच्या एका वधूपित्यानं हट्टच धरला, "फाइल पाठवा, नातेवाइकांची नावं मीच घालतो." पाठवली. दहा मिनिटांत फोन. "अहो, पोरीचं लग्न आहे, करणी करताय काय?" त्यांच्या स्क्रीनवर नुसते चौकोन आणि डॉलरची चिन्हं! शेवटी रिक्षा करून आले बिचारे आणि माझ्या शेजारी बसून अकरा मामा घालून गेले.

*

मग एक दिवस डोंगलनं मान टाकली. टूथब्रशसुद्धा कामी येईना. सुनीतानं सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला.

"मॅडम, नवीन व्हर्जन घ्या."

"त्यात माझी जुनी फाइल उघडेल?"

"नाही."

"मग घ्यायचं कशाला?"

"जुनं आता बंद झालंय ना, मॅडम!"

सुनीता हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाबांचं अख्खं आयुष्य समोर दिसत होतं, पण उघडत नव्हतं. माझी तर तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

*

शोधता शोधता दहिसरचे एक निवृत्त मास्तर सापडले. याच सॉफ्टवेअरमध्ये अडकलेल्या स्वतःच्या जुन्या प्रश्नपत्रिका वाचवायला त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता आणि तो सगळ्यांसाठी फुकट ठेवला होता. "अक्षरं तुमची, मग कुलूप दुसऱ्याचं कशाला?" म्हणाले. चहा संपायच्या आत बाबांच्या पुस्तकाची सगळी पानं साध्या युनिकोडमध्ये आली, कुठल्याही फोनवर उघडतील अशी. हुश्श! शेठ उगाच खिडकीकडे बघत नाक पुसत होते.

*

त्या रविवारी आम्ही गोवंडीला सुनीताच्या घरी गेलो. फोन आपल्या यांत्रिक आवाजात पुस्तक वाचत होता आणि बाबा डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या पानावर वाक्य आलं, "गावच्या विहिरीचं पाणी आमच्यातून पहिल्यांदा काकांनी काढलं."

बाबांनी हात वर केला. सुनीतानं घाबरून फोन थांबवला.

"काय झालं, बाबा?"

"काका नाही गं. माझी आई होती ती. आता बदलता येतं ना?"