दाजींचा पक्का रंग

आमच्या दाजींइतका एका बाटलीवर जीव लावलेला माणूस अख्ख्या जालन्यात दुसरा नव्हता. बाटली दारूची असती तर लोकांना समजलं तरी असतं. ती होती ॲनिलीनची, म्हणजे कापडाचे रंग ज्यापासून करतात त्या रसायनाची. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, शाळेत विज्ञान शिकवायचे. निजामाच्या राज्यात ते रसायन उर्दूतून शिकलेले, आणि पोलीस कारवाईनंतर तेच मराठीतून शिकवायची पाळी आली. सगळे शब्द बदलले, ॲनिलीन तेवढं दोन्ही राज्यांत ॲनिलीनच राहिलं, म्हणून दाजींचा त्याच्यावर विशेष लोभ. मी तेव्हा जालन्यात एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो आणि दोन्ही वेळा अक्काकडे जेवायचो, त्यामुळे या लोभाचा वास मला रोज यायचा.

वास म्हणजे खराच वास. ते तेलकट पाणी ताजं असताना बिनरंगाचं. हवा लागली की पिवळं, मग तपकिरी, शेवटी काकवीसारखं होई, आणि वास शिळ्या मासळीचा. मास्तरांकडे चोरून मासळी शिजते अशी आळीत बोलवा झाली. अक्का रडकुंडीला आली. दाजींनी शेजाऱ्यांना घरी बोलावलं, वाटीभर पाण्यात बाटलीतला एक थेंब टाकला आणि वर विहिरीत टाकतात ती पांढरी पावडर भुरभुरली. पाणी जांभळंशार झालं. "बघा, मासळी अशी जांभळी होती का?" त्या दिवसापासून मास्तर मासळीवर काहीतरी करणी करतात अशी बोलवा सुरू झाली.

कपड्याचा रंग, छापखान्याची शाई, सायकलची ट्यूब, जुनी तापाची गोळी, कशाचाही विषय निघाला की दाजी म्हणत, "ह्ये बी त्याच्याच घराण्यातलं." पण ते कातडीतून अंगात शिरतं आणि ओठ निळे पडतात, याची त्यांना भारी धास्ती. बाटली हाताळली की आरशात स्वतःचे ओठ बघायचे, मग आमचे. एकदा पौषातल्या थंडीत त्यांनी दूधवाल्याचे ओठ पाहिले आणि त्याला थेट डॉक्टरकडे पिटाळलं. त्या दिवशी आम्ही बिनदुधाचा चहा प्यालो.

या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक लाल लुगडं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीकुंकवाला अक्काच्या लुगड्याचा रंग घामानं सुटला, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अक्का घरी येऊन रडली आणि दाजींनी शपथ घेतली, "असा रंग देतो, माणूस जाईल पण रंग जाणार न्हाई." तसा रंग ॲनिलीनपासून होतो, फक्त तो बर्फातच करावा लागतो; रंगाचं कालवण जरा ऊन झालं की फसफसून वाया जातं. आणि दाजींना सवड मिळे ती मे महिन्याच्या सुट्टीत! स्टेशनाजवळून भुशात गुंडाळलेली लादी सायकलवर घालून निघायचे, घरी पोचेस्तोवर निम्मी रस्त्याला पाजलेली असायची. दरसाल एखादी चिंधी तेवढी रंगायची. ती नाचवत दाजी म्हणत, "लाल!" अक्का म्हणायची, "बिलकुल शेंदरी हाय." भांडण पुढल्या मेपर्यंत पुरायचं.

पुढे एका मे महिन्यात अक्काला विषमज्वर झाला. दाजी तापाच्या पुडीवरही चिडले. "ॲनिलीनच्याच घराण्यातली असून ऐकून न्हाई राह्यली," म्हणाले. थोडा उतार पडला तशी अक्कानंच हट्ट धरला, "मंग लुगडं कधी करता? मला नेसायचंय." दाजींनी मोठी लादी आणली, टोपात कालवण थंड केलं, लुगड्याचा पदर त्यात सोडला. पदराला रंग धरला. एवढ्यात मी हाक मारली, कारण अक्का तापानं बरळायला लागली होती. दाजींनी टोपातला, बाहेरचा, होता नव्हता तेवढा बर्फ उपसला, धुवून फडक्यात बांधला आणि तिच्या कपाळावर धरून बसले. तिकडे कालवण फसफसलं, तपकिरी झालं. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी अक्का शुद्धीवर आली. "झालं का हो?" दाजींनी फक्त पदर तिच्यापुढे धरला, बाकीचं लुगडं कोरंच होतं. पदर शेंदरी होता, मलाही दिसत होतं. अक्का पुष्कळ वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बराबर लाल हाय की." ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बायकांनी रीतीप्रमाणे तिला हिरवं लुगडं नेसवलं. दाजी अर्धवट रंगलेलं घेऊन दाराशी उभे होते, त्यांना कुणी विचारलं नाही.

पुढे दाजींनी बाटली शाळेला देऊन टाकली. तो पदर मात्र फाडून ठेवला. दर रविवारी आडावर साबण लावून तो धुवायचे, दगडावर घासायचे, उन्हात धरून बघायचे. मला वाटायचं, रंगाची परीक्षा चाललीय. एका रविवारी मी म्हणालो, "दाजी, पक्का झालाय. किती घासता?"

त्यांनी पदर पिळला. म्हणाले, "आता गेला तरी चालंल म्हणून घासून राह्यलो. जातच न्हाई."