मनकर्णाबाईंची शुद्ध भाषा

वाळूजच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेला सुदर्शन आतल्या खोलीत घोरत होता. श्रेया शाळेच्या व्हॅनमध्ये बसून गेली होती. आता मिक्सर लावला तर नवरा उठेल, नाही लावला तर कूट व्हायचा नाही, अशा पेचात मोनिका ओट्यापाशी उभी होती. सासू मनकर्णाबाई दाराजवळ तुरीची डाळ पाखडत होत्या. तेवढ्यात कडी वाजली.

दारात पाठीला सॅक लावलेली एक तरुण बाई.

"मी विशाखा, विद्यापीठातून आलेय. पाचोडकडच्या आजी इथंच राहतात ना? त्यांचं बोलणं ऐकायचं होतं."

मनकर्णाबाईंनी सूप खाली ठेवलं. प्रकरण विद्यापीठापर्यंत गेलं की काय!

झालं होतं ते एवढंच. जूनमध्ये श्रेया वर्गात म्हणाली, "मॅडम, लई भूक लागली," आणि पोरं फिदीफिदी हसली. ती रडतच घरी आली. मोनिकानं सासूला हळूच सांगितलं, "आई, तिच्यासमोर जरा शुद्ध बोलत चला." मोनिका मनानं वाईट नव्हती. पण मनकर्णाबाईंनी तोंडाला कुलूपच घातलं. चूक नको म्हणून गोष्टी बंद, गाणी बंद. "जेवलीस का?" एवढंच काय ते. मग नातही आजीची कूस सोडून मोबाईलला चिकटली. आजीला आतून खात होतं ते हेच.

"जुने मिशनरी पाद्री परमुलखातून आले," विशाखा सतरंजीवर बसत म्हणाली, "त्यांना इथलं अक्षर कळत नव्हतं. तरी भाषा शिकले, तिचं व्याकरण लिहिलं. कसं शिकले, याचा मी अभ्यास करते. नुसतं वाचून भागेना, म्हणून त्यांचीच रीत करून बघतेय."

तिनं बोलणं टिपायला फोन चालू करून पुढं ठेवला. मागून मोनिकानं सासूला डोळ्यांनी खुणावलं. मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखं सुरू केलं, "नमस्कार. आम्ही गृहिणी आहोत. आम्ही सध्या डाळ स्वच्छ करीत आहोत."

विशाखानं हसू ओठांत दाबलं.

"आजी, पाद्र्यांचंही आधी असंच झालं. शिकवायला पंडित ठेवले. पंडितांनी पोथीतली भाषा शिकवली. ती घेऊन बाजारात गेले, तर भाजीवालीला काही उमगेना. मग शहाणे झाले. कामात असलेल्या माणसांपाशी जाऊन बसायला लागले. एकच गोष्ट चौघांना विचारून ताडून बघायला लागले. द्या ते सूप, मीही कामाला लागते."

तिनं सूप घेतलं आणि असा हिसका दिला की निम्मी डाळ मोनिकानं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.

"आगं आगं आगं! सूप हाय का पंखा त्यो? समदी डाळ सांडली न माय! खांदा कामून हलवू राह्यली? मनगट हलव, मनगट! आशानं सासू नांदू द्यायची नाय तुला!"

"लग्नाला तीन वर्षं झाली, आजी."

"मंग नवराच पाखडत असंल!"

आतलं घोरणं थांबलं आणि सुदर्शनच्या हसण्याचा आवाज आला. मोनिका तर पदर तोंडाला लावून खालीच बसली. कुलूप निघालं होतं. डाळ गोळा करता करता पाचोडचा बाजार आला, बाजारात पिशवीतून निसटलेली कोंबडी आली, तिच्यामागं मिठाईच्या दुकानात शिरलेला मामा आला. विशाखा मधेमधे एखादं "मग?" टाकायची, बाकी नुसती ऐकायची. फोन चालूच होता.

निघताना ती म्हणाली, "पाद्री ज्यांच्याकडून शिकले, त्यांतल्या कितीतरी जणांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत. तुमचं मी लिहिणार. आणखी काही हवंय का, आजी?"

"तुव्ह्याकडून काय नको, बाई. डाळ तेवढी परत सांडू नको." मनकर्णाबाईंनी सूप भिंतीला टेकवलं आणि सुनेकडं वळून त्या सरळ म्हणाल्या, "मोनिका, मव्हं येक आयक. सांजच्याला श्रेयाला मव्ह्यापाशी बसू दे. तिला या कोंबडीची गोष्ट सांगायची हाय. आशीच, मव्ह्या बोलीत."