शेजारच्याचे ताट

वत्सलाताई डोंगरे यांची आणि माझी ओळख एका भाषणात झाली. जुन्या जालन्यात, मस्तगडाजवळच्या एका शाळेत त्यांचे मुक्कामाचे उन्हाळी शिबिर भरत असे आणि उद्घाटनाचा वक्ता म्हणून मला बोलावले होते. बालपण, चारित्र्य, राष्ट्र अशी मी एकेक पायरी चढत होतो आणि समोर मुले उन्हात बसली होती. ताई सरळ मंचावर आल्या आणि माईकसमोरच म्हणाल्या, "सर, तुमचं चालू द्या. पण पोरांला मी सावलीत नेऊन राह्यले." मुले उठून लिंबाखाली गेली. समोर उरले दोन शिक्षक आणि हारवाला. मीही माईक ठेवला आणि लिंबाखाली गेलो. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी ताईंच्या शिबिरात पडेल ते काम करतो.

ताई शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या, पण शिबिर थांबले नाही. आज त्यांची पंचाहत्तरी साजरी होत आहे आणि या गौरवग्रंथात त्यांच्यावर पुष्कळ गोड लिहिले जाईल. मला गोड लिहिता येत नाही. मला राग आला आहे आणि तो राग ताईंच्या गौरवाचाच भाग आहे असे मी मानतो.

हल्ली उन्हाळा आला की चौकाचौकात फलक लागतात. व्यक्तिमत्त्व विकास! थंडगार सभागृहात मुलांना हात कसा मिळवावा, हसावे किती, मंचावर उभे कसे राहावे हे शिकवतात. शेवटच्या दिवशी सगळ्यांना पदके, आईबापांना फोटो. घरी गेल्यावर हेच व्यक्तिमत्त्व सोफ्यावरून ओरडते, "आई, पाणी!" आणि आई पाणी आणून देते.

ताईंच्या शिबिरात मूल पहाटे आपले आपण उठते, अंथरुणाची घडी घालते, नखे दाखवते, तहान लागायच्या आधी पाणी पिते. मोबाइल आणि पाकिटातला खाऊ फाटकाबाहेर राहतो. आत भाकरी, मोडाची मटकी आणि ताक. एकदा एक पोरगा भाकरीकडे बघत म्हणाला, "ताई, आम्ही घरी कुरकुरीत खातो." ताई म्हणाल्या, "मंग करपवून देऊ का?" पंगतभर हशा झाला आणि त्या हशातच त्याने पहिला घास घेतला. पोहायला, झाडावर चढायला, भांडण झाले तर समोरासमोर बसून मिटवायला मुले इथे शिकली. एकालाही पदक मिळाले नाही.

या शिबिराचा एक नियम आहे. जेवण झाले की आपले ताट शेजारच्याला द्यायचे आणि त्याचे आपण धुवायचे. पंगतीतला शेजार रोज बदलतो. मी एकदा कारण विचारले तर ताई म्हणाल्या, "आपलं ताट तर मांजरबी चाटून साफ करतं, सर."

एका वर्षी शहागडकडच्या एका मेंढपाळ कुटुंबातली रेणुका शिबिरात आली. पळण्यात तिला कोणी गाठू शकत नसे, पण पंगतीत ती सगळ्यांकडे पाठ करून जेवायची. पूर्वी कुठेतरी कोणीतरी तिच्या जेवण्याला हसले असणार. ताईंनी तिला एका शब्दाने टोकले नाही. त्या आपले ताट घेऊन तिच्याशेजारी बसल्या, तशाच, सगळ्यांकडे पाठ करून. काही दिवस दोघी तशाच जेवल्या. मग एका दुपारी रेणुकाच म्हणाली, "ताई, इकडून भिंतच दिसती. फिरा की." दोघी फिरल्या. माणूस घडवणे म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी एवढेच सांगतो.

आणि त्याच रेणुकाचे ताट एके दिवशी नवीन जालन्यातल्या एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या हातात होते. मुलीचे नाव मृण्मयी. वडील सहज भेटायला आले होते. त्यांनी नळापाशी पाहिले आणि ते ओरडलेच, "मृण्मयी! ठेव ते खाली! ती कोणाची पोरगी आहे, माहीत आहे का तुला?"

मृण्मयी म्हणाली, "रेणुका आहे, बाबा. थांबा, अर्धंच झालंय. धुऊन येते."

त्यांनी तिला थांबू दिले नाही. हाताला राख तशीच, तिला गाडीत बसवून घेऊन गेले. ती शिबिरात पुन्हा आली नाही. मी अनेक सभा गाजवल्या, पण त्या मुलीच्या या वाक्यासारखे वाक्य मला एकदाही बोलता आलेले नाही. आणि बापाने तिला ते ताटही पुरे धुऊ दिले नाही! प्रश्न स्वच्छतेचा आहे असे ते नंतर सांगत फिरले. खोटे आहे. प्रश्न जातीचा होता, आहे, आणि शिकलेल्या घरांत तो अधिक चांगल्या कपड्यांत वावरतो.

पुढे आणखी काही पालक जमले आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी ताईंना बोलावले. ज्याने त्याने आपापले ताट धुवावे, नाहीतर शाळा मिळणार नाही. ताई म्हणाल्या, "बराबर हाय, शाळा तुमची हाय. शिबिर माझं हाय." दुसऱ्याच उन्हाळ्यात शिबिर शहागडला, त्यांच्या भावाच्या शेतात गेले. गोदावरीजवळ चिंचांची सावली आहे, पण पत्र्याच्या शेडमध्ये दुपार भाजून काढते. शहरातली निम्मी मुले गळाली. ज्यांना या शिबिराची सर्वात जास्त गरज होती, ती घरी पंख्याखाली मोबाइल घेऊन पडली. हे नुकसान कोणी केले? ताईंनी नाही.

आता या अमृतमहोत्सवाच्या तयारीची गोष्ट सांगतो. गौरव समितीच्या बैठकीत तेच अध्यक्ष शाल-श्रीफळाच्या गोष्टी बोलत होते. ते मोठ्या मनाने म्हणाले, "ताई, झालं गेलं विसरा. यंदा शिबिर आपल्या शाळेतच घ्या. भांड्यांसाठी दोन बायका ठेवतो, सगळा खर्च संस्थेचा. म्हणजे कोणाची तक्रारच नको."

बैठकीतल्या सगळ्यांना तोडगा फार आवडला. खरे सांगायचे तर क्षणभर मलाही बरे वाटले, कारण ताईंचे गुडघे आता दुखतात, शहागडला जाणे-येणे त्यांना झेपत नाही, आणि पक्क्या छताखाली मुलांची संख्या पुन्हा वाढेल हे दिसत होते.

ताईंनी विचारले, "अन् त्या दोघींची ताटं कोण धुणार?"

अध्यक्ष हसले. "त्यांची त्या धुतील की!"

"मंग न्हाई," ताई म्हणाल्या, आणि चहा संपवून उठल्या.

यंदाही शिबिर शहागडलाच आहे.

अशा प्रसंगी दीर्घायुष्य चिंतायचे असते. तेही मी मनापासून चिंततो. ताईंनी शंभरी ओलांडावी, गुडघ्यांनी साथ द्यावी, आवाज असाच खणखणीत राहावा. पण हे मागणे मी देवाकडे करत नाही, वाचकहो, तुमच्याकडे करतो. कारण दर उन्हाळ्यात एका जागेसाठी, एका साध्या नियमासाठी त्यांना जे भांडावे लागते, त्यात त्यांचे आयुष्य आपणच खर्च करतो आहोत. शाल पांघरून ते भरून येत नाही. त्यांनी जगावे असे खरोखर वाटत असेल, तर या भांडणातला त्यांचा वाटा आता आपण उचलू या. शाळेचे कुलूप उघडून घेऊ या, त्यांच्या अटीवर. मग त्या मुलांमध्ये निवांत बसतील, आणि पुष्कळ वर्षे बसतील.