वर्ग चारचे संशोधक

गोटीराम भोये नाशिकच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र विभागाचे शिपाई होते. गाव सुरगाण्याकडचं, शिक्षण सातवी नापास. डॉ. दीपमाला शेवाळे जीवाश्मांवर संशोधन करायला विभागात आल्या, तेव्हा हातोडा आणि पोती वाहायला कोणीतरी हवं म्हणून गोटीरामांना त्यांच्याबरोबर धाडलं गेलं. बाकी कुणी डोंगर चढायला तयार नव्हतं.

मॅडमचं काम कळवणच्या पलीकडे एका घाटात होतं. रस्ता रुंद करताना डोंगर कापला होता आणि लाव्हाच्या दोन काळ्या थरांमध्ये पुरुषभर उंचीचा मातकट थर उघडा पडला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथे तळं होतं. त्यातल्या गोगलगायी गाळात दगड होऊन बसल्या होत्या. वरच्या आणि खालच्या काळ्या दगडाचं वय बाहेरच्या प्रयोगशाळेतून काढून मिळे; तळं त्या दोन वयांच्या मधलं. पण तळ्याचं पुढे काय झालं हे कळायला गाळाचे तुकडे तळापासून वरपर्यंत क्रमाने काढावे लागत आणि क्रमानेच ठेवावे लागत.

१९९४ पासून चार हिवाळे दोघं नाशिकच्या द्वारका चौकातून जीप पकडून जात होते. दुसऱ्याच वर्षी गोटीरामांच्या लक्षात आलं की खालच्या गोगलगायी बोराएवढ्या आहेत आणि वर जावं तशा ज्वारीच्या दाण्याएवढ्या होत जातात.

"पाणी आटत गेलं असंल, मॅडम," ते म्हणाले. "नाय तर त्या वाढल्या का नाय?"

मॅडमनी ते वहीत टिपून घेतलं. पुढे त्यांचा निष्कर्षही तोच निघाला, फक्त इंग्रजीत आणि अठरा पानांचा.

१९९९ मध्ये कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. मॅडम परिषदेसाठी हैदराबादला गेल्या होत्या. कार्यालयाचे अधीक्षक भिकनराव अहिरे यांनी विभागाची स्वच्छता स्वतः हाती घेतली. त्यांचं लहानपण देवळाली कॅम्पात गेलं होतं. तिथले जवान उंचीप्रमाणे रांगेत उभे राहतात हे त्यांनी रोज पाहिलं होतं, आणि शिस्त म्हणजे काय याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका राहिली नव्हती. कपाटातले एकशे बारा दगड पाहून त्यांना वाईट वाटलं. त्यांनी दगड धुवायला लावले, त्यांच्यावरच्या थराच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या केरात टाकल्या आणि वॉर्निशचा एक हात मारून सगळे दगड लहान-मोठे असे रांगेत मांडायला सांगितलं.

"साहेब, त्यांचा क्रम हाय," गोटीराम म्हणाले.

"मग मी काय करतोय? क्रमच लावतोय ना?"

संध्याकाळपर्यंत कित्येक लाख वर्षं इकडची तिकडे झाली. समितीने शेऱ्यात 'संग्रह नीटनेटका' असं लिहिलं. भिकनरावांनी त्या शेऱ्याची झेरॉक्स काढून फलकावर लावली.

मॅडम परत आल्या आणि एकेक दगड उलटून चिठ्ठी शोधू लागल्या. घाटात जाऊन पुन्हा दगड काढायचीही सोय नव्हती. दरड कोसळू नये म्हणून कापलेल्या भिंतीवर ठेकेदाराने सिमेंट मारलं होतं. गोटीरामांना त्यांच्याकडे पाहवेना. त्यांनी तीन दिवस आणि टर्पेंटाइनची एक बाटली मागून घेतली.

तीन दिवस ते फरशीवर बसून होते. वॉर्निश पुसायचं, खिळ्याने कोपरा खरवडायचा, ओला करून बघायचा, कधी जीभ लावायची. खालची माती चिकट, वरची खरबरीत. अगदी वरच्या माती‌त राखेची कणी. चौथ्या दिवशी एकशे बारा दगड एका ओळीत होते. मॅडमच्या वहीत त्यांतल्या एकतीस दगडांची चित्रं होती. त्यांनी एकेक ताडून पाहिलं. एकोणतीस जुळले.

"उरलेले दोन?" मॅडमनी विचारलं.

"ते वहीत चुकलंय," गोटीराम म्हणाले.

मॅडमनी त्या दिवसाची पानं पुन्हा काढली. त्यांतला एक खरोखरच वहीत चुकला होता.

लेख २००३ साली छापून आला. दुसरं नाव होतं जी. भोये. त्याआधी लेख तपासणाऱ्या परीक्षकाने या गृहस्थांची पात्रता विचारली होती आणि मॅडमनी आहे ते सगळं कळवलं होतं, सातवीसकट. परीक्षकाची हरकत नव्हती. कॉलेजची निघाली. वर्ग चारच्या कर्मचाऱ्याने पूर्वपरवानगीशिवाय संशोधन केल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा, असं पत्र भिकनरावांच्या सहीने आलं.

मॅडम खुलासा लिहून द्यायला निघाल्या होत्या. गोटीरामांनी स्वतःच लिहिला: 'मी संशोधन केलेले नाही. कार्यालयाने मिसळलेले दगड वेगळे केले. पुन्हा मिसळल्यास पुन्हा करीन.'

त्यांना ताकीद मिळाली आणि ती सेवापुस्तकात नोंदली गेली. त्याच वर्षीच्या कॉलेजच्या अहवालात, प्राध्यापकांच्या संशोधनाच्या यादीत, 'डॉ. जी. भोये' असंही छापलं गेलं. मॅडमनी जाब विचारला तेव्हा भिकनराव शांतपणे म्हणाले, की छापील नमुन्यात 'डॉ.' आधीच असतं. त्यात श्री. लिहायला जागाच नाही.

२००७ मध्ये गोटीराम निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात भिकनरावांनी त्यांच्या टापटिपीचं कौतुक केलं आणि शाल-श्रीफळ दिलं. आठवड्यातून एक दिवस येऊन दगडांची देखभाल करू द्यावी, असा अर्ज गोटीरामांनी तीन प्रतींत दिला होता. तो वरिष्ठांकडे विचारार्थ गेला आहे. गोटीराम दर गुरुवारी येतात.